नातीचा कार्यक्रम

१ मार्च, शनिवार

ही वही नातीनं दिली. वर पंख्याचं चित्र आहे. नातीचं नाव प्रियदर्शनी, घरात प्रिया, आणि सरकारी कागदावर नावापुढं लिहितात, विद्युत ठेकेदार. बाईमाणूस ठेकेदार, साऱ्या शिरूर अनंतपाळ तालुक्यात दुसरी दाखवा मला. मी चांगुणा, तिची आज्जी. शिकले तिसरीपर्यंत, आणि पुढं म्हातारपणी साक्षरतेच्या वर्गात. तिथल्या बाई सांगायच्या, बोलताना हाय, लिहिताना आहे. म्हणून इथं आहे लिहिते. तोंडानं हायच म्हणते.

प्रिया म्हणाली, "आज्जी, रोज दुपारी दोनला काटा बघायचा. आपल्या घरात किती, केवळाबाईच्या घरात किती. दोनच आकडे. बाकी काई लिहू नको."

मी म्हटलं, "मग उरलेली जागा वाया घालू व्हय?"

काटा म्हणजे गरमी मोजायचं गोल घड्याळ. दोन आणलेत. आमच्या पत्र्यावर तिनं पांढरा रंग मारला आहे, चुना नव्हे, ऊन माघारी धाडणारा रंग, आणि जुना पंखा काढून कमी वीज खाणारा बसवला आहे. समोरच्या केवळाबाईचा पत्रा होता तसा काळा. दोन्ही घरांत किती फरक पडतो ते मी लिहायचं. ह्याला ऊर्जा बचत कार्यक्रम म्हणतात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं गाणी असतील, मांडव असेल. तसं काही नसतं. रंगाचे डबे आणि पंखे असतात.

अकरा गावांत एक वर्ष करून बघितला. ह्या महिनाअखेर संपतो. पुढं चालवायचा का बंद करायचा, त्याची सुनावणी सत्तावीस तारखेला नांदेडला. लातूर-नांदेडचे सत्तावीस लहान ठेकेदार एक झालेत, आमदाराला निवेदन, साहेबाला निवेदन, नुसती निवेदनं देऊन राहिलेत. नांदेडला सगळ्यांच्या वतीनं बोलणार कोण? आमची प्रिया.

तिला हे का एवढं लागून राहिलं ते मला ठाऊक आहे. दोन वर्षांमागं माझ्या लिंबाजीला, म्हणजे तिच्या बापाला, मे महिन्यात उन्हाचा झटका बसला. शेतात नाही, घरात, खाटेवर. डॉक्टर म्हणाला, घरात बसून ऊन लागलेला माणूस पहिल्यांदाच बघतोय. तेव्हापासून लिंबाजीचा डावा हात कापतो.

आज आमचं ३३, केवळाबाईचं ३८.

३ मार्च, सोमवार

आमचं ३३, तिचं ३८.

केवळाबाईच्या घरात काटा लावायला गेले त्या दिवशी ती दारातच आडवी आली होती. आज पुन्हा तेच. "चांगुणे, काटा लाव, पण माझ्या छपराला पांढरं लागू देणार न्हाई. माझा मालक जिता हाय."

मी म्हटलं, "आमच्या सुनेचं लगीन पांढऱ्या साडीत लागलं. अकरा वर्षं झाली, लिंबाजी... न्हाई, अकरा न्हाई, प्रियाच अठ्ठावीसची हाय. तरी लिंबाजी धडधाकट."

"धडधाकट? हात कापतो की त्याचा."

"त्यो पत्र्यानं कापतो, साडीनं न्हाई!"

तिचा मालक व्यंकटराव कूलरपुढं बसून हसला. त्यांच्याकडं रविकांतचा कूलर आहे. रविकांत म्हणजे लातूरचा कूलरवाला, त्याचा कारखाना आहे. आमच्याकडंही त्याचाच कूलर होता, दिवसाला चार घागरी पाणी प्यायचा आणि ओल्या हातानं शिवलं की झिणझिण्या यायच्या. प्रियानं तो काढला. लोक म्हणतात रविकांत त्यानं चिडला आहे. एका कूलरसाठी कोण चिडतं का?

६ मार्च, गुरुवार

आमचं ३४, तिचं ३९. दोन वाजता घेतले, भांडणाच्या आधी.

आज लई वाईट झालं. समाजमंदिरापुढं प्रियाचे रंगाचे पाच डबे ठेवले होते, उद्या वस्तीतल्या सहा घरांवर मारायचे म्हणून. ती जेवायला आत आली आणि कुणीतरी पाचही डबे आडवे केले. सगळा रस्ता पांढरा. तिथंच कूलर घेऊन आलेला रविकांतचा टेम्पो उभा होता, त्याचा ड्रायव्हर बिचारा थांबून हळहळला. "लईच सांडलं की आज्जी." त्याच्या चपलांना पण रंग लागला होता बिचाऱ्याच्या.

मला माहीत होतं कुणाचं काम ते. पांढऱ्याचा राग दुसऱ्या कुणाला आहे? मी सरळ केवळाबाईच्या दारात गेले आणि म्हटलं, "तुझ्या मालकाला म्हणावं बाहेर निघ, हात दाखव." मग जे झालं ते लिहीत नाही. माझ्या सासूपर्यंत गेली ती. मी पण सोडलं नाही, मी तिच्या माहेरापर्यंत गेले. निलंग्याला आहे तिचं माहेर, तिथपर्यंत आवाज गेला असेल.

प्रिया खराट्यानं रस्ता झाडत होती.  मी म्हटलं, "रस्ता तरी गार राहील." तेव्हा हसली थोडी.

७ मार्च, शुक्रवार

आमचं ३४, तिचं ४३.

१० मार्च, सोमवार

शुक्रवारी मी खोटं लिहिलं. केवळाबाईच्या घरात गेलेच नव्हते. ती आत घेत नव्हती आणि मी पण जाणार नव्हते. मग मनानंच लिहिलं, ४३. एवढी रागात होते, म्हटलं तुझं घर तापून तव्यासारखं होऊ दे.

आज कळलं की ती बया रोज स्वतः काटा बघते. नात तनुजाला सांगून भिंतीवर खडूनं लिहून घेते. एक तारखेपासून सगळे आकडे, कोळशानं रेघा ओढून. शुक्रवारी ३९ होतं, आणि वट्ट्यावर पडलेल्या माझ्या वहीतलं ४३ तनुजानं वाचून तिला सांगितलं. ही बातमी मला तिच्याकडून नाही, गिरणीत कळली. "चांगुणेनं माझ्या घरावर चार डिग्री चढवल्या," असं ती दळण दळायला आलेल्या बायांना सांगत होती. धोंडाबाई म्हणाली, "घराची पण बदनामी करती व्हय गं."

लाज वाटली, नाही असं नाही. त्याहून जास्त भीती वाटली. नात सत्तावीस माणसांच्या वतीनं बोलणार, आणि तिची आज्जी वहीत खोटं लिहून बसली.

४३ खोडलं. बाजूला ३९ लिहिलं. शनिवार-रविवारचं तिच्या भिंतीवरून तनुजानं सांगितलं, ३९, ३९. आमचं ३४, ३४. आज आमचं ३४, तिचं ४०, मी स्वतः बघितलं, केवळाबाई पाठ करून उभी होती. इथून पुढं खऱ्या आकड्यापुढं खरं लिहीन. खरं.

१२ मार्च, बुधवार

आमचं ३४, तिचं ४०. खरं.

आनंदाची गोष्ट. सकाळी निलंग्याला डोळे दाखवायला गेले होते, दोन वाजायच्या आत परत आले. तिथं स्टँडवर रविकांत भेटला. गाडीतून उतरून स्वतः माझ्याकडं आला. एवढा मोठा माणूस, सोन्याची अंगठी, बरोबर संगप्पा नावाचा त्याचा माणूस.

"प्रियदर्शनीची आज्जी ना तू?"

"हाव. सख्खी."

"तिला सांग, नांदेडला ये म्हणावं. हॉलमध्ये सगळ्यांसमोर तिचा कार्यक्रमच करतो."

माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. थेंब घातले होते ते वेगळं. लोक काय काय सांगतात ह्या माणसाबद्दल. मी म्हटलं, "लई उपकार होतील बाबा. फक्त हार झेंडूचा आणू नको, तिला शिंका येतात. शेवंतीचा आण. आणि शाल असंल तर पांढरी."

तो माझ्याकडं बघतच राहिला. संगप्पा हसून हसून बाकड्यावर बसला, त्यालाही आनंद झाला असावा. मी म्हटलं, "वस्तीतल्या बायांना पण घेऊन येते. किती जणी चालतील?"

"किती बी आण," म्हणाला आणि गाडीत बसला. मनानं चांगला आहे, बोलायला जरा तोडका.

१३ मार्च, गुरुवार

आमचं ३४, तिचं ३९. खरं.

प्रियाला सांगितलं. आधी विचारलं, "त्यो नेमकं काय म्हणाला? शब्द सांग." मी सांगितला. ती खालीच बसली. लिंबाजी म्हणाला, "पोलिसांना सांगाया पाहिजे."

म्हणजे पोलिसांना पण बोलावणार! मी म्हटलं, "एवढा मोठा कार्यक्रम नको रे, तिला संकोच वाटंल."

दोघं एकमेकांकडं बघायला लागले. प्रिया म्हणाली, "आज्जी, तू कुणाला सांगितलंस का हे?" मी म्हटलं, "अजून सगळ्यांना न्हाई."

लगे हात खोडलेल्या ४३चं पण सांगून टाकलं, ती आधीच बसलेली होती म्हणून. तिनं वही घेतली, ते पान लई वेळ बघितलं. मला वाटलं फाडते. म्हटलं, "नवी वही आण, मी सगळं नीट उतरून काढते."

"न्हाई," म्हणाली. "खोडलेलं दिसू दे."

"लोक हसतील."

"हसू दे. हीच वही द्यायची."

नंतर परसात जाऊन एकटीच उभी राहिली. मी बघितलं. डबे सांडले त्या दिवशी सुद्धा अशी नव्हती.

२० मार्च, गुरुवार

आमचं ३५, तिचं ४१. खरं.

घरात कुणी नीट बोलेना. प्रियाच्या लायसनवर कुणीतरी तक्रार केली आहे, लातूरला दोन चकरा झाल्या. सत्तावीस ठेकेदारांमधले चार गळाले, फोन उचलत नाहीत. त्यांचा पुढारी आदिनाथ उदगीरहून आला होता. तो म्हणाला, "ताई, तुम्ही नका बोलू. मी वाचून दाखवतो कागद. त्यो माणूस चांगला न्हाई."

प्रिया म्हणाली, "आदिनाथभाऊ, आपण काय मागतोय? कार्यक्रम चालू ठेवा, आणि एकाच मोठ्या ठेकेदाराला न देता गावोगावच्या माणसाला द्या. ह्यात भ्यायचं काय हाय?"

"भ्यायचं कागदात न्हाई, हॉलमध्ये हाय."

मला हे पटलं नाही. सत्कार करणाऱ्याला भ्यायचं म्हणजे काय. पण पुरुषांना बाईचा सत्कार बघवत नाही, हे मी जन्मभर बघितलं आहे, म्हणून गप्प बसले.

केवळाबाई नांदेडला चालली आहे! रविकांतनं जीप पाठवतो म्हणून सांगितलं, तिनं तिथं उभं राहून माझं खोटं सांगायचं. दारातून मला ऐकू जाईल असं म्हणाली, "तुझं ४३ मी नांदेडात वाळत घालते बघ."

मी म्हटलं, "घाल. धुऊन ठेवलंय मी आधीच."

२६ मार्च, बुधवार

आमचं ३५, तिचं ४१. खरं.

वस्तीतल्या चौदा बाया तयार आहेत. सगळ्यांना सांगितलं, पांढरी साडी, कार्यक्रम आहे. उद्याचे आकडे इथं सूनबाई बघेल.

२८ मार्च, शुक्रवार

कालचं आज लिहिते. 

अहमदपूर, लोहा, नांदेड. दोन गाड्या आमच्या, आणि पुढं धुरळा उडवत रविकांतची जीप, आत तनुजा आणि खिडकीत केवळाबाई, मान वळवून. हॉल असा गार की बाया पदर गुंडाळून बसल्या. मी काटा बरोबर नेला होता, खुर्चीला अडकवला. २०. बिनपांढऱ्याचं २० कसं म्हणून वर बघितलं, तर चारी भिंतींना ए.सी. वीज वाचवायची का नाही, हे ठरवायला बसलेत लोक.

पुढं सुनावणीच्या मॅडम, बॉबकट, कमी बोलणाऱ्या. अर्धा हॉल कूलरवाल्यांचा. प्रिया उभी राहिली तशी मागून शिट्ट्या. कुणी म्हणालं, "चुनावाली आली." कुणी म्हणालं, "आधी सैपाकघरातला पंखा बसव." माझी प्रिया थांबायची आणि पुन्हा पहिल्यापासून वाक्य सुरू करायची. तीन वेळा तेच वाक्य. "आमच्या अकरा गावांत दुपारी घरातली गरमी पाच-सहा डिग्रीनं कमी झाली, कूलर बंद झाल्यानं वीज आणि पाणी दोन्ही वाचलं." चौथ्या वेळी पूर्ण झालं.

मग रविकांत उठला. "मॅडम, हे आकडे कुणी लिहिले? हिच्या आज्जीनं. ठेकेदाराच्या घरातली वही, ठेकेदाराचे आकडे. आणि त्यातले पण खोटे! मी वाचून दाखवतो." मॅडमपुढची वही उचलली आणि वाचायला लागला, मोठ्यानं, माझ्यासारखा आवाज काढून. "शुक्रवारी मी खोटं लिहिलं. केवळाबाईच्या घरात गेलेच नव्हते." सारा हॉल हसला. मी जमिनीकडं बघत होते. "ह्या केवळाबाई इथंच हायत. उठा मावशी, सांगा."

केवळाबाई उठली. "खोटंच लिहिलं तिनं. ३९ होतं, ४३ लिहिलं. माझ्या घराची अब्रू घेतली."

"ऐकलंत मॅडम?" रविकांत म्हणाला.

"मला बोलू दे की," केवळाबाई त्याच्यावरच ओरडली. "तेवढा एक दिस खोटा. बाकीचे सगळे खरे. मी सोडते व्हय तिला? रोज भिंतीवर लिहून ताडून बघितलंय, सत्तावीस तारखेपर्यंत... न्हाई, कालपर्यंत. एक जरी चुकला असता तर तिथंच झिंज्या उपटल्या असत्या तिच्या."

मॅडम म्हणाल्या, "भिंतीवर?" तनुजानं मोबाइलवर भिंतीचा फोटो दाखवला. मॅडमनी वहीशी एक एक आकडा लावला. सगळे जुळले.

रविकांतला ते आवडलं नाही. वही परत ओढून घेतली. "बाकी काय काय लिहिलंय ते पण ऐका, हसाल," म्हणाला आणि पुढचं पान काढलं. "आनंदाची गोष्ट. सकाळी निलंग्याला डोळे दाखवायला गेले होते, दोन वाजायच्या आत परत आले. तिथं स्टँडवर रविकांत..."

आणि थांबला. चष्मा लागला असेल त्याला, ह्या वयात लागतो.

मॅडम म्हणाल्या, "वाचा पुढं."

तो वाचेना. मला वाटलं स्वतःची स्तुती स्वतः कशी वाचणार, लाजला. मी उभी राहून म्हटलं, "वाच की रे बाबा, पुढंच तर तुझं चांगलं लिहिलंय! तूच म्हणाला होतास, हॉलमध्ये सगळ्यांसमोर तिचा कार्यक्रमच करतो. मी चौदा बाया आणल्यात. हार कुठं हाय?"

 मग मागून कुणीतरी फुटलं, आणि मग कूलरवाले सुद्धा. नुसतं हसणं. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी हात पुढं केला, वही घेतली आणि पहिल्या पानापासून वाचत बसल्या. बराच वेळ. मग मान वर न करता विचारलं, "तुमच्या ड्रायव्हरच्या चपलांना रंग कसा लागला होता?"

रविकांत म्हणाला, "कुठला ड्रायव्हर?" मग पाणी प्यायला गेला तो आलाच नाही. संगप्पा पण गेला.

केवळाबाई माझ्याकडं वळून सगळ्या हॉलला ऐकू जाईल असं म्हणाली, "त्याच टेम्पोवाल्यानं लाथा मारून सांडले डबे. मी वट्ट्यावरून बघितलं. सांगणार होते. तू आलीस ती माझ्या मालकाचे हात बघायला!"

माझं तोंड बंद झालं. असं क्वचित होतं.

शेवटी वही माघारी देताना मॅडमनी सांगितलं ते प्रियानं मला दोनदा समजावलं. कार्यक्रम आणखी एक वर्ष चालवावा आणि गावोगावच्या लहान ठेकेदारांकडूनच करून घ्यावा, असं त्या वर लिहून पाठवणार. लायसनवरच्या तक्रारीची पण चौकशी लावणार. आणि एक अट. आकडे ठेकेदारानं लिहायचे नाहीत, घरात राहणाऱ्या माणसानं लिहायचे, आणि शेजाऱ्यानं ताडून बघायचे. खोडलं तर खोडलेलं ठेवायचं.

परत येताना केवळाबाईला जीप मिळाली नाही. जीप आधीच निघून गेली होती. ती आमच्या गाडीत बसली, खिडकीला, मान वळवून. लोह्याला चहा घेतला तेव्हा म्हणाली, "पिवळा रंग येतो का गं प्रिये? फिका? पांढरं न्हाई चालायचं."

प्रिया म्हणाली, "फिका पिवळा बी चालतो मावशी."

"मग मालकाला विचारते."

गाडीत मी प्रियाला म्हटलं, "बाकी सगळं झालं गं, पण त्यानं तुझा कार्यक्रम केला न्हाई. बोलून फिरला."

ती माझ्या खांद्यावर डोकं ठेवून हसत होती का रडत होती, अंधूक डोळ्यांना कळलं नाही. म्हणाली, "आज्जी, कार्यक्रम झाला. तू केलास."

मी काय केलं? हार सुद्धा नव्हता.

१ एप्रिल, मंगळवार

रविकांत निलंग्याच्या स्टँडवर दिसला. मी हाक मारली, "अरे रविकांता, कार्यक्रमाचं काय झालं?" तर गाडीची काच वर करून गेला. स्टँडवरचे लोक हसले. एवढं काय हसायचं, बिचारा शब्द पाळू शकला नाही इतकंच.

व्यंकटराव आज शिडी लावून पत्रा झाडत होते. उद्या पिवळा येणार. केवळाबाईनं भिंतीवरचे खडूचे आकडे पुसू दिले नाहीत, म्हणाली, "राहू दे. हिच्यावर भरवसा न्हाई."

आमचं ३५, तिचं ४१. खरं. केवळाबाईनं ताडलं.